‘जाते’ म्हणायचं नसतं

अक्का, तुम्ही गेलात हे नीलूला सांगायला मला एकोणीस दिवस लागले.

बाकीच्यांना सांगायला एक सकाळ पुरली. तुमच्या सुनेचा जनवाड्याहून फोन आला, मी कणकेचे हात धुतले, नवऱ्याला दुकानात कळवलं, शेजारी सांगितलं, उदगीरला माझ्या आईला सांगितलं. सगळीकडे एकच वाक्य. माणसं ‘अरेरे’ म्हणाली आणि आपापल्या कामाला लागली. राहिली माझी अकरा वर्षांची लेक. तिला जन्मापासून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिच्याशी जे काही बोलायचं ते तिच्या हातावर बोलायचं, आणि तिच्या हातावर ठेवायला माझ्याकडे नेमका हा एक शब्द नव्हता. तो का नव्हता हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तुम्ही आता काही सांगायच्या नाहीत, म्हणजे कबुली मलाच द्यायला आली.

तुमची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. ते काम तुमच्या शाळेच्या मोठ्या मॅडमनी तुमच्या अंगणात उभं राहून केलं. ‘टीचर लिंगैक्य झाल्या, देवमाणूस होत्या’ असं त्या दोनदा म्हणाल्या. मला हसू आलं. देवमाणसाशी कोण सहा वर्षं भांडतं? तुम्ही चिडक्या होता, आळशी नव्हता पण कामचुकारपणा तुम्हाला जमत होता, आणि चूक कबूल करायची वेळ आली की तुम्हाला हटकून बसची वेळ आठवायची. तुमच्याइतकं मला दुसऱ्या कुणी ओळखलं नाही हेही खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

पहिल्यांदा तुम्ही घरी आलात तेव्हा नीलू पाच वर्षांची होती. बिदरच्या त्या शाळेत तिचं नाव नुसतं पटावर होतं, आणि शाळेकडून दर गुरुवारी घरी येऊन शिकवणाऱ्या टीचर म्हणून तुमची नेमणूक झाली होती. तुम्ही नीलूला हात लावायच्या आधीच वर्षाचा प्लॅन भरून आणला होता. या लेकरानं वर्षभरात काय शिकायचं ते त्या कागदावर कन्नडमध्ये लिहिलेलं. माझी शाळा उदगीरची, मराठी. कन्नड घरात बोलते, पण वाचताना अक्षराला अक्षर जोडत जाते. हळू वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. चार ओळींत चार वेळा क्रियापद ‘ताने’वर संपत होतं. ‘ताने’ म्हणजे तो करतो. ती असती तर ‘ताळे’ हवं होतं.

“टीचर,” मी म्हटलं, “माझी लेक पोरगा कदी झाली?”

तुम्ही चष्मा लावून कागद बघितला आणि बिनदिक्कत हसलात. “दुसऱ्या लेकराचा प्लॅन उतरवलाय गं. ताळे करायचं राहून गेलं. तुला कन्नड वाचायला येतंय व्हय?”

“हळूहळू येतंय.”

“मग माझं कठीन हाय,” तुम्ही म्हणालात.

त्या उसन्या कागदावर नीलूची उद्दिष्टं होती. दात घासणे. बटणं लावणे. एका जागी तीस मिनिटं शांत बसणे. हातांचे चाळे कमी करणे. आणि संवाद या रकान्यात तुमच्या वळणदार अक्षरात ‘लागू नाही’. म्हणजे अकरा महिने बटणं लावून झाली की लेकरू गप्प बसायला तयार. आपल्याकडे मढ्यालाही सजवून गप्प बसवतात, त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही. हे मी तेव्हा तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही चहा खाली ठेवला होता.

मग नीलू आली. भिंतीच्या कडेकडेनं, नेहमीसारखी. तिनं तुम्हाला हुंगलं. तुमच्या तोंडात कायम लवंग असायची. मग तिचा हात तुमच्या मनगटावर गेला. तुमच्या मालकांचं जुनं चावीचं घड्याळ होतं, बायकांच्या हाताला न शोभणारं. तिनं तुमचा हात उचलून घड्याळ गालाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. टिकटिक तिला गालात लागत असावी. मग वळून तिनं माझ्या कोपरावर दोनदा थाप मारली. मी उठून पाणी दिलं.

“आत्ता हे काय झालं?” तुम्ही विचारलंत.

“पानी मागितलं तिनं.”

“कशावरनं?”

“कोपरावर मारलं की पानी. पदर वढला की भायेर. पोटावर माझा हात दाबला की भूक.”

“आनि हे शिकवलं कुनी?”

“कुनी न्हाई. तिचं तिनंच.”

तुम्ही पेन काढून ‘हातांचे चाळे कमी करणे’ ही ओळ खोडली. पाच वर्षं माझं लेकरू हातानं बोलत होतं, आणि ते बोलणं बंद करायचं हे तुम्ही तिचं उद्दिष्ट म्हणून लिहून आणलं होतं. त्याबद्दल तुम्ही माफी मागाल म्हणून मी वाट बघितली. त्या दिवशी बघितली, पुढेही बघितली. तुम्ही मागितली नाहीत. त्याऐवजी पुढच्या गुरुवारी दीड तास आधीची बस धरून आलात.

तुमची शिकवायची रीत कडक होती, आणि तिचा मार बहुतेक मलाच बसला. नीलूचा हात ओढायचा नाही. आपला हात तिच्या हाताखाली द्यायचा, म्हणजे धरायचं की सोडायचं ते तिच्या हातात. काही विचारलं की मनात दहा मोजायचे, आधी हलायचं नाही. मी चारवरच उत्तर देऊन टाकायची, आणि तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारायच्या. “तू आई हायस का वकील?” म्हणायच्या. “तिच्या आदी तूच बोलायलीस.” प्रत्येकाला तुम्ही नाव दिलंत. माझं नाव नाकाच्या बाजूला बोट, चमकीची जागा. तिच्या बाबांचं नाव मिशी. तुमचं नाव मनगटाभोवती पकड. नीलू स्वतःचं मनगट धरायची की आम्ही समजायचो, अक्का.

शाळेतल्या त्या मीटिंगचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्ही आणि मी मिळून तीन ओळी ठरवल्या होत्या. नीला हातावरच्या खुणेनं हवं-नको सांगेल. कोण आलं ते ओळखून सांगेल. दोन खुणा जोडून प्रश्न विचारेल. तिसरी ओळ माझी होती. लेकरू पाणी मागतं, जेवण मागतं, तेवढं गोठ्यातलं वासरूही मागतं. प्रश्न विचारणं ही माणसाची गोष्ट आहे. तुम्ही त्यासाठी खूणही काढली होती, समोरच्याचा तळहात खालून दोनदा वर उचलायचा, म्हणजे ‘सांग’.

मोठ्या मॅडम टेबलाच्या त्या बाजूला होत्या. “हिला विचारायचं काय असतंय?” त्या म्हणाल्या. “भूक लागली की रडते, ते तुमाला कळतंय की.”

“तुमच्या घरी भूक लागली की रडतेत का सगळे?” मी विचारलं.

“बाई, वास्तव बगा. तुमी एक बोलायलाव, आमी एक बोलायलोय. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ झाली ही.”

आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलंही नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “मॅडम, आंधळं आन बहिरं दोन्ही आमच्याकडं एकाच लेकरात हायेत. गाठ तुमची पडलीय.” माझे मालक बाजूला बसून बुटाकडे बघत होते. त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला जन्मभराच्या चुका माफ करायला तयार होते.

आणि मग मॅडम म्हणाल्या, दोन ओळी राहू द्या, तिसरी जास्त होतेय. तुम्ही पेन घेतलंत, तिसरी ओळ खोडली आणि बाजूला सही केली. माझ्याकडे बघितलंही नाहीत.

मीटिंगनंतर मैलूरच्या रस्त्यावर मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्ही विसरला नसणार. नोकरीला भिलाव म्हटलं. पहिल्या दिवशी खोडायचं होतं तेव्हा लाज वाटली, आता खोडायची सवय लागली म्हटलं. तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणालात, “दोन मिळाली ती सांभाळ. तिसरी पुढल्या वर्षी.” त्यानंतर तीन गुरुवार मी तुमच्यापुढे चहा ठेवला पण एक शब्द बोलले नाही. तुम्ही चहा पीत राहिलात. कपात साखर नसायची, तरी पीत राहिलात. तिसरी ओळ पुढल्या वर्षीही आली नाही, त्याच्या पुढल्याही नाही. कागदावर नसली तरी तुम्ही नीलूला ती शिकवत राहिलात, दर गुरुवारी, तळहात दोनदा उचलून. तिनं कधी विचारलं नाही. ती सांगायची, मागायची, भांडायची, पण प्रश्न तिनं तुम्हाला एकही विचारला नाही.

आता माझी गोष्ट.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी तुम्ही निघताना नीलूच्या तळहातावर मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत हात फिरवलात आणि उचलून घेतलात. काहीतरी पुसून टाकल्यासारखं.

“ही कसली खून?” मी विचारलं.

“गेली. संपलं. आता न्हाई.”

“असं कामून पुसायलाव? घरातनं निघतानी कुनी ‘जाते’ म्हनतंय का? ‘येते’ म्हना.”

“मी जायलेच की गं. बस धराया जायले.”

“परत येनार हाव ना? मग येते.”

तेव्हा तुम्ही चप्पल काढून परत आत आलात. “बग महानंदा, आमच्या कन्नडात ‘होगि बर्तीनि’ म्हनतेत. जाऊन येते. त्यात निदान जानं तरी हाय. तुमच्या मराठीनं ते जानंच गिळून टाकलं. लेकराला दोन शब्द पायजेत. येनाऱ्याचा एक, न येनाऱ्याचा एक. एकावर भागवलंस तर एक दिवस फसंल.”

“माझ्या घरात न येनारं कुनी न्हाई.”

“गळ्यात लिंग हाय आनि डोक्यात शकुन,” तुम्ही म्हणालात. “तिला कान न्हाईत, तर तिच्या वाटचे बी तूच टवकारून बसलीस.”

हे मी सासूबाईंवर ढकललं असतं, पण त्या तेव्हा लातूरला नणंदेकडे होत्या. आक्षेप माझा होता. शकुन आपल्या लिंगायत धर्मात बसत नाही हे मला शिकवायची गरज नव्हती. पण आंधळी-बहिरी लेक पदरात असलेल्या बाईनं आणखी काय काय पणाला लावायचं? रोज घरातून माणसं बाहेर पडणार आणि लेकराच्या हातावर पुसून जाणार, हे मला बघवलं नसतं. मी ठाम राहिले. तुम्ही कधी नव्हे ते हरलात. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस बाहेर पडताना नीलूचा हात तिच्या छातीकडे ओढायचं, दोनदा. येते. येतो. आणि माणूस यायचं. त्या शब्दावर तिचा इतका भरवसा होता की त्यावर ती कुणालाही सोडायची, मला लग्नाला, बाबांना बिदरला, तुम्हाला आठवडाभर. आपल्या सगळ्या भांडणांतलं हे एकच मी जिंकले होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरी मी तिला घेऊन आले तेव्हा माझे मालक नको म्हणत होते. “तिला काय कळनार हाय? उगं लोकाला तमाशा.”

“कळावं म्हनूनच न्यायलेय,” मी म्हटलं. कशानं कळणार होतं ते मात्र मी ठरवलं नव्हतं.

तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, आपल्यात बसवतात तसं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, हात मांडीवर. भजन चालू होतं. मी नीलूला तुमच्यापुढे बसवलं. तिनं मांडी घातली, तुमचा हात शोधला आणि आपला हात त्याखाली सरकवला, तुम्हीच शिकवल्याप्रमाणे. मग ती थांबली. मी मोजायचं नाही म्हणत होते, तरी दहापर्यंत मोजलं गेलं. हात हलला नाही. ती वर मनगटाकडे गेली. घड्याळ नव्हतं. तिनं पुढे वाकून हुंगलं. विभूती, कापूर, झेंडू. लवंग नव्हती. तिनं तुमचा हात उचलला आणि पुन्हा तुमच्या मांडीवर ठेवून दिला, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली की आपण ठेवतो तसा. मग तोंड फिरवलं. तिच्या हिशेबी ती कुणीतरी गार बाई होती.

मागून कुणी म्हातारी म्हणाली, “बरं हाय बाई, लेकराला काई कळत न्हाई. सुटली.” त्या म्हातारीचं तोंड मी अजून लक्षात ठेवलंय.

गर्दीतून वाट काढून द्यायला तुमची सून पुढे आली. तिनं नीलूचा दंड धरला, आणि नीलूचा हात तिच्या मनगटावर पडला. घड्याळ तिच्या हातात होतं.

नीलू हसली. तिचं हसणं तुम्हाला ठाऊक आहे, मोठं, फाटकं, तिनं स्वतः कधी न ऐकलेलं. भजन थांबलं. तिनं घड्याळ गालाला लावलं, स्वतःचं मनगट धरलं, आणि सुनेला खाली ओढू लागली, बस म्हणून, शिकायला बसू म्हणून. सून रडत हात सोडवत होती आणि नीलू हसत धरून होती. “मढ्याम्होरं हसायलीय पोरगी,” कुणीतरी बोललं. मी नीलूचा हात धरून ओढला. सहा वर्षं जे करू नको म्हणून तुम्ही मला फटके मारलेत तेच तुमच्यासमोर केलं. ती मला चावली. अंगठ्याखाली अजून वण आहे.

आणि मग मी तुमच्या सुनेला सगळ्यांदेखत म्हटलं, “मढं अजून घरात हाय, तवर घड्याळ घातलाव?”

ती, सासूला अत्तीच म्हणणारी, म्हणाली, “दवाखान्यात सुई टोचतानी अत्तींनीच काढून माझ्या हातात घातलं. नीलूचं घड्याळ हाय, हारवू नको म्हनल्या.”

एवढं ऐकूनही माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. माफी न मागण्यात मी तुमच्याच हाताखाली तयार झाले होते.

तुमच्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी नीलूनं मनगट धरलं आणि हात छातीशी नेला. अक्का येते. ती दर गुरुवारी असंच जाहीर करायची. मी काय उत्तर देणार? माझ्याकडे एकच शब्द. मी तिचा हात छातीकडे ओढला. येते. ती उंबऱ्यावर जाऊन बसली, जेवायच्या वेळेपर्यंत बसली, मग जेवली नाही. दुसऱ्या गुरुवारीही मी तेच केलं. अक्का, मी माझ्या लेकराला तिच्या हातावर खोटं सांगितलं. ज्याला डोळे आहेत त्याच्याशी खोटं बोलता येतं, तो आपलं तोंड बघून ओळखतो तरी. तिला माझा फक्त हात माहीत आहे.

मग तो शब्दच मेला. बाबांनी निघताना ‘येतो’ केलं की ती त्यांच्या पॅन्टला लोंबकळू लागली. मी न्हाणीत गेले तर दार बडवायची. शेजारीण ‘येते’ म्हणाली तर तिला बोचकारलं. सहा वर्षांत जो शब्द सगळ्यात पक्का झाला होता तो मी दोन गुरुवारांत नासवला. वर शाळेतून मॅडमचा फोन. पुढच्या सोमवारी नव्या वर्षाच्या प्लॅनची मीटिंग, नवी टीचर येणार. “लेकरू मागं गेलंय म्हने. चावतंय, वरडतंय. आदी वर्तन बगू. शांत बसनं, चाळे कमी करनं. संवादाचं पुढल्या वर्षी.” तुमच्या हातची ती खोडलेली ओळ परत येत होती, आणि या वेळी तिला वाट मी करून दिली होती.

म्हणून काल मी तुमच्या सुनेला फोन केला. माफी मागायची होती, पण तोंडातून आलं, “घड्याळ घेऊन शेतात ये.” ती आली. बरोबर पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आली.

तुम्हाला ठेवलंय ती जागा तुरीच्या कडेला आहे. माती अजून बसलेली नाही. मी घड्याळ नीलूच्या हातात दिलं. तिनं गालाला लावलं आणि लगेच त्यामागचं मनगट शोधायला लागली. माझं चाचपलं, टाकून दिलं. सुनेचं चाचपलं, टाकून दिलं. मी तिचा हात मातीवर नेला, मनगट धरलं, आणि तिच्या तळहातावरून हात फिरवून पुसलं. अक्का गेली. तिला काही कळलं नाही. कसं कळेल? ती खूण तिच्या हातावर एकदाच झाली होती, आणि तीही मी बंद पाडली होती. मी पुन्हा केलं, पुन्हा केलं, दहा मोजले, पुन्हा केलं. ती चिडून हात झटकायला लागली. मी मातीत बसून रडले, आणि तुम्हाला शिव्या दिल्या. त्या तुम्हाला पोचल्या असतील तर पोचू देत.

सून म्हणाली, “ताई, असं न्हाई. अत्ती असं शिकवत नव्हत्या.” तिनं नीलूला बाटलीतलं पाणी पाजलं, थोडं थोडं करून सगळं. रिकामी बाटली तिच्या हातात पालथी केली. मग पुसलं. बिस्किटं दिली, एक एक. शेवटचं खाल्लं, रिकामा पुडा चाचपायला दिला, पुसलं. नीलूचे हात मंद झाले. ती ऐकत असते तेव्हा होतात तसे. मग मी तिला घड्याळ दिलं, मातीवर तिचा हात ठेवला, मनगट धरलं आणि पुसलं.

मग तिनं स्वतःचं मनगट धरलं आणि माझ्या तळहातावर, मनगटापासून बोटांपर्यंत, हात फिरवून उचलला. अक्का गेली. घड्याळ तिनं मांडीत ठेवलं. ती रडली नाही. कुणी गेल्यावर रडतात हे तिला कधी कुणाकडून कळलेलं नाही.

मला वाटलं, झालं. मी उठायला लागले. तिनं मला खाली ओढलं. माझ्या नाकाला बोट लावलं, चमकीच्या जागी. मग माझ्या तळहातावरून हात फिरवून पुसला. आणि मग, अक्का, तिनं माझा तळहात खालून दोनदा वर उचलला.

आई जाणार? सांग.

याच एका ओळीसाठी मी मॅडमशी भांडले, तुम्हाला रस्त्यावर नको ते बोलले, बिनसाखरेचा चहा पाजला. लेकरानं प्रश्न विचारावा म्हणून. तिनं विचारला. दोन खुणा जोडून, कुणी न सांगता, तुमच्या मातीवर बसून विचारला. जो प्रश्न मी अकरा वर्षं स्वतःलाही विचारू दिला नाही तोच तिनं पहिला विचारला.

ती थांबली होती. हात माझ्या हाताखाली ठेवून, न हलता. चुटकीसरशी ‘येते’ म्हणता आलं असतं, पण तो शब्द आता तिच्या हातावर चालत नाही. दुसरं खोटं माझ्याकडे नव्हतं. मी तिच्या हातावर दोनदा थोपटलं. हो.

आणि मग मला कळलं की पुढचं सांगायला खूणच नाही. ‘आत्ता नाही.’ ‘आज नाही.’ ‘अजून खूप दिवसांनी.’ उद्या, परवा, पुढल्या वर्षी, हे शब्द आपण तिला कधी दिलेच नाहीत. शाळा आपल्याला दर वर्षी ‘पुढल्या वर्षी’ म्हणत राहिली, आणि आपल्या दोघींच्या डोक्यात आलं नाही की लेकरालाही तो शब्द लागेल. तिला एवढंच कळलंय की तुम्ही गेलात आणि मीही जाणार आहे. केव्हा, ते तिला माहीत नाही. तिच्या लेखी ते आत्ताही असू शकतं.

सोमवारी मी मीटिंगला जातेय. या वेळी तुम्ही माझ्या बाजूला नसाल आणि पेन घेऊन समोरही नसाल. चावण्याबद्दल मॅडमना काय लिहायचं ते लिहू देत. संवादाच्या रकान्यात मी पहिली ओळ ‘आत्ता नाही’ ही लिहायला लावणार आहे, आणि ती लिहिल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. ती खूण कशी करायची हे मला ठाऊक नाही. तुम्ही एखाद्या गुरुवारी चहा पिता पिता काढली असती.

काल शेतातून निघाल्यापासून नीलूनं माझा डावा हात सोडलेला नाही. बसमध्ये धरला होता, जेवताना धरला होता, आत्ताही धरलाय. मी एका हातानं हे लिहितेय, आणि तिला सोड म्हणायची माझी हिंमत होत नाही.